चार दिवस खिशात राहिलेला कागद

दुपारची निवांत वेळ होती. एक गृहस्थ ग्रंथालयात आले आणि त्यांनी शब्दकोश मागितला. कोणता हवा, असे विचारल्यावर म्हणाले, "कोणताही द्या, इंग्रजी शब्दांचे अर्थ असले म्हणजे झालं." मी कोश काढून दिला. खुर्चीवर न बसता त्यांनी उभ्याउभ्याच पाने उलटली, एका नोंदीवर बोट टेकवले, कोश मिटला, पुन्हा उघडला आणि पुन्हा तेच पान काढले. तिसऱ्या वेळी मी उठून जवळ गेले आणि कोणता शब्द पाहताय, असे हळूच विचारले. त्यांनी शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला एक कागद काढला. घड्यांच्या जागी तो विरत चालला होता. पत्नीच्या तपासणीचा अहवाल होता तो, आणि त्यातल्या एका शब्दाभोवती पेनाने वर्तुळ काढलेले होते: निगेटिव्ह. कोशात त्या शब्दापुढे नकारात्मक, प्रतिकूल असे अर्थ दिलेले होते. "म्हणजे वाईटच ना, मॅडम?" ते म्हणाले. "चार दिवस झाले, तिला अजून सांगितलेलं नाही."

कोशाची काही चूक नव्हती. त्या गृहस्थांना वाचता येत नव्हते असेही नाही. त्यांनी शब्द बरोबर वाचला होता, बरोबर शोधला होता, आणि मिळालेला अर्थही बरोबर लक्षात घेतला होता. तरीही त्यांना कागद कळला नव्हता. तपासणीच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे जे शोधले ते सापडले नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे ते सापडले. एरवीच्या बोलण्यातला चांगला शब्द इथे बहुधा धास्तीचा ठरतो आणि वाईट शब्द दिलाशाचा. एवढे मी त्यांना सांगितले. अहवालावरून निष्कर्ष काढणे आणि पुढे काय करायचे ते ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे, हेही सांगितले. मग तपासण्यांची सोप्या भाषेत माहिती देणारे एक पान आम्ही दोघांनी मिळून शोधले. त्यांनी ते दोनदा वाचले, कागदाची पुन्हा चौघडी घातली आणि डॉक्टरांची वेळ घ्यायला ते निघून गेले.

त्यांनी ते चार दिवस कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. तो कागद हातात देणाऱ्याला एक वाक्य बोलायला सवड झाली असती, तर ते चार दिवस वाचले असते. तशी सवड झाली नाही, म्हणून तो कागद फिरत फिरत ग्रंथालयात आला. माझ्या अनुभवात असे कागद ग्रंथालयात सतत येत असतात. फक्त ते खिशात असतात, आणि वाचक मागतो ते भलतेच काहीतरी.

आरोग्यसाक्षरता हा शब्द आज परिपत्रकांपासून परिसंवादांपर्यंत सर्वत्र आढळतो. इंग्रजीत तो रूढ करण्याचे श्रेय स्कॉट सायमंड्स यांना दिले जाते; शाळांमधल्या आरोग्यशिक्षणाविषयी लिहिताना त्यांनी १९७४ साली तो वापरला. त्यानंतर बराच काळ या शब्दाचा रोख व्यक्तीच्या उणिवेकडे राहिला, म्हणजे कोणाला किती वाचता येते, किती कळते, किती लक्षात राहते. २०१२ साली युरोपातल्या अभ्यासकांच्या एका गटाने जुन्या व्याख्या एकत्र करून चार क्रियापदे पुढे ठेवली: माहिती मिळवणे, समजून घेणे, पारखणे आणि वापरणे. ही चार क्रियापदे मी प्रथम वाचली तेव्हा थबकले, कारण त्यांतली पहिली तीन तर आमच्या रोजच्या कामाची यादी आहे. पुस्तक शोधून देणे, ते वाचकाच्या आवाक्यातले आहे ना हे पाहणे, आणि कोणत्या ग्रंथावर कितपत विसंबावे हे सांगणे, याखेरीज ग्रंथपाल आणखी काय करतो?

२०२० साली अमेरिकेच्या आरोग्य खात्याने आपल्या दशकभराच्या उद्दिष्टांमध्ये या व्याख्येचे दोन भाग केले. एक भाग व्यक्तीचा, आणि दुसरा संस्थांचा: संस्थेने लोकांना माहिती मिळवणे, समजणे आणि वापरणे किती सोपे करून दिले आहे, यावरून संस्थेचीही आरोग्यसाक्षरता मोजावी, असा त्याचा आशय आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. न कळलेल्या कागदाची लाज आजवर केवळ वाचणाऱ्याला वाटत आली. ती आता लिहिणाऱ्यालाही वाटावी, अशी सोय या व्याख्येने केली आहे.

ही अडचण निरक्षरांची आहे, असा समज मात्र अजून गेलेला नाही. अमेरिकेत २००३ साली प्रौढांच्या साक्षरतेची जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत आरोग्यविषयक मजकूर सफाईने हाताळू शकणारे प्रौढ केवळ १२ टक्के निघाले. २०११ साली युरोपातील आठ देशांत झालेल्या पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांची आरोग्यसाक्षरता अपुरी किंवा काठावरची आढळली. हे शाळा शिकलेले, नोकऱ्या करणारे, बँकेचे अर्ज भरणारे लोक आहेत. त्यातच आजारपणात माणसाची समज नेहमीइतकी चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतो, असे २००३ सालच्या एका वैद्यकीय लेखात नोंदवलेले आहे, आणि सांगितलेली गोष्ट जितकी धक्कादायक तितकी विस्मृती अधिक.

वाचणे आणि उमजणे यांच्यातली दरी किती रुंद असते, हे दाखवणारा एक प्रयोग मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरील सूचना वाचायला दिल्या होत्या. 'दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडाने घ्या' ही सूचना वाचन कच्चे असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के जणांनी बरोबर सांगितली. मग दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितले, तेव्हा बरोबर मोजणारे सुमारे ३५ टक्केच निघाले. म्हणजे ज्यांनी वाक्य अचूक म्हणून दाखवले, त्यांच्यापैकी निम्म्याजणांच्या तळहातावर गोळ्यांची संख्या चुकली. 'कळलं ना?' या प्रश्नाला मिळालेल्या होकाराची किंमत यावरून समजते. 'घरी गेल्यावर तुम्ही हे कसं घ्याल, ते मला एकदा सांगा बरं,' असे विचारणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. चांगले डॉक्टर आणि परिचारिका तो वापरतात. ग्रंथालयाच्या काउंटरवरही तो वापरता येतो, फक्त परीक्षा घेतल्यासारखा सूर लागता कामा नये.

त्या प्रयोगातली सूचना तरी सरळ होती. रात्रपाळी करणाऱ्या एका वाचकाने मला एकदा विचारले होते की 'सकाळी उपाशीपोटी' म्हणजे कधी, कारण तो सकाळी जेवून झोपतो आणि त्याचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. मला उत्तर देता आले नाही, आणि देणे योग्यही नव्हते. परंतु ती सूचना लिहिणाऱ्याने दिवसा जागणारा आणि रात्री झोपणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता, एवढे माझ्या ध्यानात आले. विविध समाजगटांविषयी आपण मोठमोठे शब्द वापरतो. प्रत्यक्षात ही विविधता अशी घड्याळाच्या काट्यात, घरातल्या माणसांच्या संख्येत, दिवे किती वाजता मालवतात यात दडलेली असते.

भाषेच्या बाबतीत तर चूक जीवावर बेतते. १९८० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये तो 'इन्तॉक्सिकादो' झाला आहे असे सांगितले. क्यूबातून आलेल्या त्या कुटुंबाच्या बोलीत याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले, असा होता. इंग्रजी कानांना तो मादक द्रव्याच्या अतिसेवनासारखा ऐकू आला आणि उपचार त्या दिशेने झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो तरुण हातापायांनी कायमचा पांगळा झाला. एकसारखे दिसणारे शब्द दोन भाषांत कसा घात करतात, याचे लहान उदाहरण औषधांच्या चिठ्ठीवरही सापडते: इंग्रजीत 'एकदा' या अर्थी जो शब्द लिहिला जातो, त्याच अक्षरांचा स्पॅनिशमध्ये अर्थ अकरा असा होतो.

आमच्या काउंटरवर भाषेचा प्रश्न बहुधा एका लहान मुलाच्या रूपाने येतो. आई मागे उभी असते आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी पुढे होऊन तिच्या वतीने बोलते. शाळेत ती नवी भाषा शिकली आहे, आईला ती अजून अवगत नाही. अशा एका मुलीने माझ्याकडे 'बायकांच्या आजाराचं पुस्तक' मागितले आणि पुढचा शब्द तिला येईना. ती आईकडे वळली; आईने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली: राहू दे. मुलीसमोर जे बोलायचे नव्हते, ते मुलीच्याच तोंडून वदवून घ्यावे लागणार होते. त्या दिवशी मी मुलीला बालविभागात गोष्टींच्या पुस्तकांपाशी बसवले, आईची भाषा जाणणाऱ्या सहकारी बाईंना बोलावले आणि स्वतः बाजूला झाले. त्या दोघी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही. त्यानंतर मी एक यादी केली: आमच्या कर्मचाऱ्यांपैकी आणि नेहमीच्या वाचकांपैकी कोणाला कोणती भाषा येते, आणि कोण गरज पडल्यास फोनवरून का होईना, मदत करायला तयार आहे. त्यात खुणांची भाषा येणारी एक तरुणीही निघाली. जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेकांसाठी खुणांची भाषा हीच पहिली भाषा असते आणि छापील मजकूर ही दुसरी, हे मला तिच्याकडूनच नीट समजले. तोवर मी बहिऱ्या वाचकांपुढे कागद सरकवत होते आणि आपण मोठी सोय केली, असे समजत होते. रुग्णालयातल्या गंभीर बोलण्यासाठी मात्र प्रशिक्षित दुभाषाच हवा. अशा वेळी आमची यादी वाचकाला दुभाषाची मागणी करायला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

आता माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. एका बाईंनी पोटाच्या विकारांवरची पुस्तके मागितली. मी उत्साहाने तीन चांगले ग्रंथ काढून दिले, त्यातला एक तर आमच्या संग्रहातला सर्वोत्तम. तीन आठवड्यांनी त्यांनी ते परत केले. खुणेचा कागद पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या पानावर होता. "उपयोग झाला का?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "पुस्तकं छान आहेत हो. पण ती नळी घालून तपासतात, तेव्हा भूल देतात का, ते त्यात सापडलं नाही. आणि नंतर घरी एकटीला जाता येतं का?" त्यांची तपासणी ठरलेली होती, सोबतीला कोणी नव्हते, आणि या एका प्रश्नापायी त्यांनी ती दोनदा पुढे ढकलली होती. त्यांना तीन ग्रंथ नकोच होते. त्यांना एक पानभर माहिती, आणि तपासणीच्या आधी फोन करून काय विचारायचे ते हवे होते. मी त्यांना विषय विचारला होता. प्रश्न विचारलाच नव्हता.

ग्रंथालयशास्त्रात याला संदर्भ मुलाखत म्हणतात, आणि ही कल्पना नवी नाही. वाचकाशी व्यक्तिशः बोलून त्याची गरज जाणून घ्यावी, असे सॅम्युएल ग्रीन या ग्रंथपालाने १८७६ सालीच मांडले होते. वाचक पहिल्यांदा जे मागतो ते सहसा त्याच्या खऱ्या गरजेपेक्षा व्यापक असते, कारण व्यापक शब्दाच्या आड लपता येते. 'हृदयाची पुस्तके' असे म्हणणारा माणूस वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आलेला असतो. 'मानसशास्त्राचं काही आहे का' असे विचारणारी आई मुलीच्या मनगटावरचे व्रण पाहून आलेली असते. त्या आडोशातून माणसाला ओढून बाहेर काढायचे नसते. 'कशासाठी हवंय?' हा प्रश्न मी विचारत नाही. त्यात चौकशीचा वास येतो. 'यातलं नेमकं काय कळलं तर तुमचं काम होईल?' असे विचारते आणि गप्प राहते. हे गप्प राहणे मला फार उशिरा जमले. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. वाचकाचा वेळ वाचतो तो असा, त्याच्यासाठी आपला थोडा वेळ थांबवून धरल्याने. सगळ्यांना आपापला ग्रंथ मिळावा हे त्यांचे दुसरे सूत्र आम्ही विद्यार्थी असताना घोकले होते, पण त्यातल्या 'आपापला' या शब्दाचे वजन मला त्या बाईंनी शिकवले.

सगळेच वाचक काउंटरपर्यंत येत नाहीत, आणि त्यांनी यावेच असा आग्रहही धरू नये. पुस्तकांची विषयवार मांडणी ज्या आकड्यांनी करतात, त्या दशांश वर्गीकरणात ६१० हा वर्गांक वैद्यकाचा आणि ६१६ हा रोगांचा. या कपाटांपुढे लोक कसे उभे राहतात हे मी इतकी वर्षे पाहत आले आहे. कादंबऱ्यांपुढे माणूस सरळ उभा राहतो. इथे तो तिरका उभा राहतो, पाठ रस्त्याकडे आणि खांदा कपाटाकडे. पुस्तकांची वार्षिक तपासणी करताना एकदा लैंगिक आजारांवरचे एक पुस्तक मला पाककृतींच्या रांगेमागे सापडले. आधी वाटले, कोणी निष्काळजीपणे टाकले असेल. मी ते जागेवर ठेवले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा तिथेच होते. तेव्हा नीट उघडून पाहिले. देवघेवीच्या नोंदीत ते पुस्तक एकदाही घरी गेलेले नव्हते, परंतु त्यातल्या एका प्रकरणाची पाने कडेला मळून काळपट झाली होती आणि पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडत होते. कोणीतरी, कदाचित अनेकजण, ते इथेच उभे राहून तुकड्यातुकड्याने वाचत होते आणि पुढच्या वेळी हाताशी असावे म्हणून लपवून ठेवत होते. स्वतःच्या नावावर ते चढवण्याची हिंमत त्यांना नव्हती.

मी ते पुस्तक पुन्हा उचलले नाही. त्याची आणखी एक प्रत मागवली. पुढे ते कपाट मुख्य वाटेवरून हलवून कोपऱ्यात नेले, जिथे काउंटरवरून कोणाचा चेहरा दिसत नाही. जवळ एक खुर्ची ठेवली. आणि ज्यांना नोंद करायची नाही त्यांनी सहज घेऊन जावीत अशी माहितीपत्रके एका उघड्या पेटीत ठेवली. ती किती संपतात एवढेच आम्ही मोजतो, कोण नेतो ते पाहत नाही. वाचकाने काय वाचले ते गुप्त राखणे हे ग्रंथपालाच्या व्यवसायनीतीचे जुने कलम आहे. आजाराच्या बाबतीत तर ते उपचाराइतकेच गरजेचे असते, कारण दवाखान्यात नाव लिहिल्याखेरीज प्रश्न विचारता येत नाही, घरी विचारला तर कल्लोळ होतो, आणि मोबाईलवर शोधला तर महिनाभर त्याच आजाराच्या जाहिराती पाठलाग करतात.

मात्र कपाटात काय ठेवतो याची जबाबदारी आमची. वैद्यकाची जुनी पुस्तके बाद करण्याच्या, म्हणजे निर्लेखनाच्या वेळी माझे मन कचरत नाही. पुस्तक फेकताना हळहळणाऱ्या सहकाऱ्यांना मी तान्ह्या बाळांच्या झोपेची हकिगत सांगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक वर्षे बालसंगोपनाची नामांकित पुस्तके बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला देत होती. पालथे झोपवण्याने झोपेतच बाळ दगावण्याचा धोका वाढतो, याचा पुरावा हळूहळू साचत गेला. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला उताणे झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि असे मृत्यू झपाट्याने घटले. उपलब्ध पुरावा १९७० च्या सुमारासच नीट एकत्र करून तपासला असता, तर ब्रिटनमधली १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळे वाचू शकली असती, असा अंदाज २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडलेला आहे. ती जुनी पुस्तके सुबक छापलेली होती, नावाजलेल्या लेखकांची होती, आणि ग्रंथालयांच्या कपाटांत होती. म्हणून आरोग्याच्या पुस्तकाचे प्रकाशनवर्ष मी वाचकाला बोट ठेवून दाखवते. ज्याला ही एक सवय लागली, तो निम्मा पारखी झाला.

पारखण्याचा उरलेला भाग आकड्यांशी झगडण्याचा आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला गेला. दुप्पट म्हणजे किती? ७,००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. हा दुसरा आकडा लोकांपर्यंत पोहोचला नाही, पहिला पोहोचला. घाबरून अनेकींनी गोळ्या थांबवल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज आहे. या प्रकरणात खोटे कोणीच बोलले नव्हते. तेव्हापासून कोणताही वाचक 'दुप्पट', 'निम्मा', 'पन्नास टक्के' असे शब्द घेऊन आला, की आम्ही दोघे मिळून 'कशाच्या दुप्पट?' याचे उत्तर शोधायला बसतो. ते मूळ मजकुरात सापडत नसेल, तर तेच त्या मजकुराविषयी पुष्कळ सांगून जाते.

अफवांवर विश्वास ठेवणाऱ्यांशी बोलणे याहून अवघड आहे, आणि त्यात मला नेहमी यश येते असे नाही. १९९८ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवर आधारलेला, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लेख आला. २०१० साली तो नियतकालिकाने मागे घेतला. तरीही त्याचा हवाला देणारे पालक आजही येतात. त्यांना मूर्ख ठरवून काही साधत नाही. ते आपल्या मुलाच्या काळजीने आलेले असतात. मी त्यांच्यासमोर तो लेखच उघडते. त्याच्या पानापानावर लाल अक्षरांत 'मागे घेतला' असा शिक्का आहे. तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, मी सांगून नव्हे. कोणी गप्प होते, कोणी हे सगळे संगनमत आहे म्हणून निघून जाते. निघून गेलेलाही दुसऱ्या कामासाठी परत येतो, आणि त्याचे स्वागत पूर्वीसारखेच व्हायला हवे.

विश्वसनीय माहिती आज फुकट मिळते, हे खरे सुदैव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ साली संशोधनलेखांची आपली सूची सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आणि सामान्य माणसांसाठी सोप्या भाषेतली 'मेडलाइनप्लस' ही सेवा १९९८ साली सुरू केली. तिथे इंग्रजी आणि स्पॅनिशखेरीज अनेक भाषांतले साहित्य एकत्र ठेवलेले आहे. वेल्समध्ये डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून द्यायचे आणि रुग्णाने ते ग्रंथालयातून न्यायचे, अशी योजना २००५ पासून देशभर राबवली गेली. २०१३ साली इंग्लंडमध्येही तशी योजना आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ साली पूर्णवेळ समाजसेविका नेमली. काही ग्रंथालये रक्तदाब मोजण्याचे यंत्र पुस्तकासारखे घरी देतात. हे सारे उपक्रम मला प्रिय आहेत. पण एखादा उपक्रम उचलून आणला आणि काउंटरवरचा माणूस मान वर करून पाहत नसेल, तर ते यंत्र कपाटातच धूळ खाते, हेही मी पाहिले आहे. भित्तिपत्रकांवर तर माझा फारसा भरवसा नाही. चिकटवणाऱ्याचे समाधान होते, वाचणारा पुढे निघून जातो.

सर्वांत कठीण क्षण तो, जेव्हा कोणी अहवाल माझ्यापुढे ठेवून विचारते, "हे वाईट आहे का?" कधीकधी मला उत्तराचा अंदाज असतो. तरीही तो सांगायचा नसतो, कारण माझ्या अंदाजावर त्या माणसाने घेतलेला निर्णय मी निभावू शकत नाही. अशा वेळी मी कोरा कागद घेते आणि तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहायला सांगते. ते मूळ माझे नाहीत. २००३ साली अमेरिकेतल्या एका मोहिमेने रुग्णांसाठी ते सुचवले होते: माझा मुख्य त्रास कोणता? त्यासाठी मी काय करायचे? ते करणे का महत्त्वाचे आहे? प्रत्येक प्रश्नाखाली चार बोटे जागा सोडायची, आणि लिहायचे वाचकाने स्वतः, त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत. लिहिता येत नसेल तर तो सांगतो आणि मी लिहिते, मग वाचून दाखवते. पुष्कळदा चौथा प्रश्न आपोआप येतो, आणि तोच खरा असतो.

नळीच्या तपासणीला घाबरलेल्या त्या बाईंसोबत मी उशिरा का होईना, असाच कागद केला होता. त्यांचा चौथा प्रश्न होता, 'माझ्यासोबत कोणी नसेल तर?' महिन्याभराने त्या आल्या, पर्समधून तो कागद काढला आणि काउंटरवर पसरला. पहिल्या दोन प्रश्नांखाली त्यांच्या बारीक अक्षरात उत्तरे लिहिलेली होती. चौथ्याखाली एक फोन नंबर आणि एका परिचारिकेचे नाव होते. तपासणी झाली होती. तिसऱ्या प्रश्नाखालची जागा कोरी होती. "इथे काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "पण घरी येईपर्यंत विसरले. बसू या का पाच मिनिटं?" मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.